दोन गाड्या, चार टाचा

॥ श्री ॥

राइट टाउन, जबलपूर
२ डिसेंबर २०२४

चि. देवदत्त यास अनेक आशीर्वाद, विशेष.

परवा फोनवर मी ‘टाच’ म्हणून राहिले होते आणि तू ‘लाच’ ऐकलंस. कोणी मागितली, कोणी मागितली म्हणून इतका ओरडलास की शेजारच्या श्रीवास्तवीणबाई गॅलरीत आल्या. अंबरीश बँकेत आहे, त्यामुळे त्या आता माझ्या मुलाकडे वेगळ्याच नजरेनं पाहून राहिल्या आहेत. तुझं कानाचं यंत्र कपाटात आहे तोवर आपलं पत्रच बरं.

तर टाच. दोन्ही टाचा. इथल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तळपायाची शीर सुजली आहे, वय झालं, वजन झालं, आराम करा. वजनाचं त्यांनी दोनदा सांगितलं. फ्रीजमधली पाण्याची बाटली पायाखाली लाटत बसायची, हा माझा सध्याचा व्यायाम. सकाळचं पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. दिवसभरात सैल होतं, पण बाजारात एक फेरी झाली की पुन्हा तेच.

आणि अशात अंबरीशने नाताळच्या सुट्टीत हैदराबादजवळच्या कुठल्याशा मोठ्या थीम पार्कची तिकिटं काढली. तीन दिवस! तिथे म्हणे नुसतं चालायचंच असतं. मी सांगितलं, तुम्ही जा, मी घर सांभाळते. तर आर्याने जाहीर केलं की आजी नाही तर मैं भी नहीं. सुनबाई काही बोलली नाही. मीरा कधी काही बोलतच नाही, कॉलेजातून येते, पदर खोचते आणि कामाला लागते. मग अंबरीश म्हणतो, तिथे बॅटरीची तीनचाकी गाडी भाड्याने मिळते, तू बसून फिर. म्हणजे मी काय लंगडी झाले? ते होते तेव्हा त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी अख्खं जबलपूर फिरले, पण हँडलला कधी हात लावला नाही. आता या वयात चार लोकांत तमाशा काहून करू?

तूच अंबरीशला समजावून लिही. सुमित्रेला आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे, आणि यंत्र कानात घाल.

तुझी
सत्यभामाताई

•

धंतोली, नागपूर
९ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सुमित्रेने मोठ्यानं वाचून दाखवलं, मग मी पुन्हा स्वतः वाचलं, कारण वजनाचा भाग ती हसण्यात गिळून टाकत होती.

अंबरीशला मी काहीही लिहिणार नाही. उलट तुलाच लिहितो की जा. घर सांभाळते म्हणतेस, पण राइट टाउनातलं तुझं घर काही पळून जात नाही. नातीचं वय मात्र जातं. आज आजी पाहिजे म्हणून रुसते, चार वर्षांनी मैत्रिणींबरोबर जाईल आणि तुला फोटोही दाखवणार नाही. आमच्या घरी तेच चालू आहे.

एक विचारू का ताई, रागावू नको. तुला गाडीची भीती वाटून राहिली की लोकांची? गाडीची असेल तर ती सायकलपेक्षा हळू चालते, मी इथे रुग्णालयाच्या आवारात पाहिली आहे. आणि लोकांची असेल तर हैदराबादेत तुला ओळखतं कोण? तुमच्या ओमतीच्या चौकात थोडीच चालवायची आहे! तिथे तर तुझे निम्मे जुने विद्यार्थी दुकानं टाकून बसलेत, बाकीचे निम्मे ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात.

मला कोणी अशी गाडी दिली असती तर मी उतरलोच नसतो. सुमित्रा म्हणते, तसाही मी आरामखुर्चीतून कुठे उतरतो.

गेलीस की सगळं सविस्तर लिही. धाकट्यावरचा जीव कमी होऊ देऊ नको, एवढंच मागणं.

तुझा
देवदत्त

•

॥ श्री ॥

राइट टाउन, जबलपूर
३ जानेवारी २०२५

चि. देवदत्त यास अनेक आशीर्वाद, विशेष.

गेले, आले, जिवंत आहे. आणि गाडी चालवली!

दारातच एका खिडकीवर त्या गाड्या मिळतात. लाल रंगाची, पुढे भाजीला असते तशी टोपली, आणि हँडलमध्ये एक गोल बटण. त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं. मी अर्थात कासव धरलं. खिडकीवरच्या मुलीने शिकवलं की उजवा अंगठा दाबला की पुढे, डावा दाबला की मागे. मला ऐन वेळी डावं-उजवं आठवेना. पुढे जायचं म्हणून जोरात अंगठा दाबला तर गाडी टँ टँ करत मागे निघाली, आणि मागे हत्तीचं सोंग घेतलेला एक माणूस पोरांबरोबर फोटो काढत होता. मी काय ओरडू, अरे हत्ती, बाजू हो? आर्यानेच आरोळी दिली, हाथी भैया, हटो! त्या जाडजूड सोंगातला माणूस असा टुणकन उडाला की लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. टाळ्या वाजल्या. मीही मान हलवून त्या स्वीकारल्या.

अंबरीश सारखा पुढे चालायचा आणि मंत्र्याच्या गाडीपुढे असतो तसा हात करायचा, साइड दीजिए, साइड दीजिए. मला इतकं लाजल्यासारखं झालं की शेवटी मी सशावर बटण फिरवलं आणि त्यालाच मागे टाकलं. देवा, वारा लागला रे तोंडाला! टोपलीत सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या, आर्याच्या चपला, मीराची पर्स. संध्याकाळी मिरवणूक होती, दिवे लावलेले रथ आणि नाचणारी माणसं. आम्हाला अगदी पुढे, दोरीच्या आत जागा दिली. आर्या माझ्या पायाशी बसून सगळ्यांना सांगत होती की गाडी माझ्या दादीची आहे. आजीची दादी केव्हा झाली ते मला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं, सगळेच लवकर परतलो. तिसऱ्या दिवशी तर मीरानेही गाडी घेतली, काय तर म्हणे तिचेही पाय दुखले! मला सोबत व्हावी म्हणून नाटक केलं पोरीने, मला काय कळत नाही? पण मजा आली. दोघींनी जोडीनं गाड्या चालवल्या. आर्या मध्ये उभी राहून शिट्टी वाजवायची आणि आम्ही सुटायचो. अंबरीशने आपण यांचे कोणी नाही असा चेहरा केला होता.

टाचा होत्या तशाच आहेत. बाकी क्षेम. सुमित्रेला आशीर्वाद, आणि आम्हा सगळ्यांची आठवण धरून अस.

तुझी
सत्यभामाताई

•

राइट टाउन, जबलपूर
१४ जानेवारी २०२५

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे, त्यात आईंनी केलेल्या वड्या खालच्या थरात आहेत. वरच्या माझ्या, त्या जरा कडक झाल्यात.

तुम्ही कॉलेजच्या पत्त्यावर चिठ्ठी पाठवून विचारलंत की दुसऱ्या दिवशी नेमकं काय झालं. ऊन होतं म्हणून ताई कधी घरी बसल्याचं तुम्हाला आठवत नाही म्हणालात. खरं आहे. डिसेंबरात असं कितीसं ऊन असणार!

आई स्वच्छतागृहासमोर गाडी लावून उतरल्या आणि चालत आत गेल्या. बाहेर आल्या तर रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात, की चल तो अच्छी-भली रही हैं, लाइन बचाने के लिए गाड़ी ली है. बत्तीस वर्षं वर्गात ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. गाडी ढकलत खिडकीवर गेल्या, परत करून आल्या आणि मला म्हणाल्या, चल, आज पाय बरे वाटतात.

मग दुपारपर्यंत चालल्या. मी सांगून पाहिलं, यांनी सांगून पाहिलं. शेवटी एका कारंज्याच्या कठड्यावर बसल्या त्या उठेचनात. हॉटेलात आल्यावर चप्पल काढता येईना इतके पाय सुजले होते. म्हणाल्या, मला उद्याच्या जबलपूरच्या गाडीत बसवून द्या, यापुढे तुमच्याबरोबर मी कुठेही येणार नाही. हे उगाच बर्फ आणायला खाली गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी आधी पुढे गेले आणि दोन गाड्या घेतल्या. एकीवर स्वतः बसून, यांनी कसंबसं समजावून दारापर्यंत आणलेल्या आईंना घ्यायला आले. म्हटलं, आई, माझेही पाय दुखतात, मला एकटीला लाज वाटते, तुम्ही असाल तर बसेन. त्या हसल्या आणि बसल्या. माझं वय पाहून लोक दुप्पट बघत होते, पण दोघी असलो की कमी लागतं, मामा.

आता एक गोष्ट तुम्हालाच सांगते. आईंना वाटतं मी नाटक केलं. नाटक नव्हतं. प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहून गेल्या उन्हाळ्यापासून माझीही टाच धरली आहे. पण घरात एक दुखणं असताना सुनेनं दुसरं काढलं की कसं दिसेल, असं वाटलं. सांगलीला माहेरी कोणी तरुणपणी दुखणं सांगितलं तर नखरे म्हणायचे. तेच अंगात भिनलंय. त्या दिवशी गाडीवर बसले आणि संध्याकाळी पाय दुखले नाहीत, तर मला रडूच आलं. आईंना वाटलं डोळ्यात धूळ गेली.

हे त्यांना कळवू नका. तुमची माया आमच्या घरावर आहेच, ती अशीच असू द्यावी.

आपली
मीरा

•

धंतोली, नागपूर
२० जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

वड्या मिळाल्या. खालचा थर संपला. वरचा थर सुमित्रेने अडकित्त्यानं फोडला, पण चव चांगली आहे, मीराला तसं सांग. अडकित्त्याचं सांगू नको.

दुसऱ्या दिवसाबद्दल मी तुला काहीच विचारत नाही. फक्त एवढंच लिहितो की त्या बाईच्या जागी मी असतो आणि तू माझ्याकडे तसं शांतपणे पाहिलं असतंस तर मी शहर सोडलं असतं. कोणत्या बाईच्या, ते विचारू नको. मला ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे.

एक काम कर. एखाद्या सकाळी मीराच्या आधी ऊठ आणि बैठकीत दिवा न लावता गप बस. ती खोलीतून स्वयंपाकघरात कशी जाते ते पाहा. एवढंच. मी कोणाला तरी शब्द दिला आहे, म्हणून याहून जास्त लिहीत नाही. नसता दिला तर चार पानं लिहिली असती, हे तू जाणतेसच.

मोठेपणाच्या जागी तू आहेस, तिथून माझ्यावर नजर असू दे.

तुझा
देवदत्त

•

॥ श्री ॥

राइट टाउन, जबलपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. देवदत्त यास अनेक आशीर्वाद, विशेष.

बसले. तू सांगितलंस तशी बसले, शाल पांघरून, कोपऱ्यातल्या खुर्चीत.

मीरा खोलीतून बाहेर आली. डावं पाऊल पूर्ण टेकवलंच नाही रे तिने. बोटांवर उभी, एक हात भिंतीला, मग दाराच्या चौकटीला, मग फ्रीजला. ओठ घट्ट मिटलेले. ओट्याशी पोचली आणि गॅस पेटवायच्या आधी डोळे मिटून नुसती उभी राहिली. मी ही चाल ओळखते. या घरात ती माझी एकटीची आहे असा माझा समज होता. आणि मी दिवसातून दहा वेळा त्या पोरीला म्हणत होते, मीरा, जरा वरच्या फळीवरचं काढ, माझे पाय दुखून राहिले.

मी उठून तिच्या मागे उभी राहिले. दचकली. मग मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे कधी कधी होतं, आज जरा झोप कमी झाली. मी म्हटलं, मला शिकवू नको, मी शिक्षिका होते. तेव्हा हसली आणि मग जे रडायला लागली ते चहा उतू गेला तरी थांबेना. अंबरीश धावत आला, त्याला वाटलं सासू-सुनेचं भांडण झालं. मी त्याला फडकं दिलं आणि ओटा पुसायला लावलं.

त्याच दिवशी तिला गोरखपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला वजनाचं एकदाही बोलले नाहीत. मी तो विषय तिथेच काढला, त्यांनी चष्मा पुसला. आता मीराला प्रयोगशाळेत उंच स्टूल मिळालं आहे. प्राचार्यांकडे अर्ज करायला ती लाजत होती, तर मीच ऑटो करून गेले. तिथला मोठा कारकून निघाला माझा जुना विद्यार्थी गौतम, पाढ्यांना फार घाबरायचा. स्टूल दुपारच्या आत पोचलं.

घरात आता सकाळचा चहा अंबरीश करतो. पाणचट असतो, पण आम्ही दोघी बसून पितो.

काल रविवार होता. दुपारी आर्या झोपलेली, अंबरीश बाहेर. मीरा दिवाणावर माझ्या शेजारी पेपर तपासत होती. मी तेलाची वाटी कोमट करून आणली आणि तिचं पाऊल माझ्या मांडीवर ओढलं. झटकन मागे घेतलं तिने, आई, काय करता, असं बरं दिसतं का. मी पुन्हा ओढलं, तिने पुन्हा घेतलं. सुनेचे पाय सासूच्या मांडीवर, असं आपल्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल, मला काय माहीत नाही? तिसऱ्यांदा मी नुसता हात पुढे धरून बसले. बऱ्याच वेळानं तिने स्वतःच पाऊल उचलून माझ्या हातात दिलं.

टाचेला जरा चोळलं नाही तोच तिचा डोळा लागला. लाल पेन हातातच. दाराची घंटा दोनदा वाजली, कोण होतं कोण जाणे, परत गेलं. माझेही पाय दुखून राहिले होते, पण मी उठले नाही.

सुमित्रेला आशीर्वाद. तुम्हा दोघांवरचा माझा जीव आहे तो तसाच आहे.

तुझी
सत्यभामाताई