उजव्या हातावरची मेंदी

नाशिक

प्राची,
तुह्या ताईचे लाड, अन् थोडा रागही.

फोन आई स्पीकरवर लावते, म्हणून पत्र लिहून राह्यली. मी मजेत आहे, जेवण बरं आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

पार्लरच्या क्लासात स्वतःच्या दोन्ही हातांवर मेंदी काढून दाखवायची होती. डाव्या हातावर माहा मोर असा उतरला की पोरी पाहतच राह्यल्या. मग डाव्या हातानं उजव्यावर काढला, तर झाली भिजलेली कोंबडी. मॅडम म्हणते, एक हात शिकला की दुसऱ्यालेही थोडं येते. माह्या डाव्याले काहीच आलं नाही.

तू डावखुरी. आईनं रागावून तुले उजव्यानं जेवायले, लिहायले लावलं, तेव्हा तू रडायची. मले कोणी रागावलं नाही. आता तुहे दोन्ही हात चालतात अन् माहा एकच.

सोनाळा गावच्या लग्नात तू स्वतःच्या दोन्ही हातांवर काढलेल्या मेंदीचा फोटो मी कौतुकानं दाखवला, तर मॅडम म्हणे, बहिणीलेच क्लासात बोलाव. तेव्हापासून घास गोड लागत नाही. मॅडम तुले सांग म्हणाली म्हणून सांगतलं.

येशील तर आधी माह्या उजव्या हातावर काढून दे. डाव्याले हात लावू नको. तिथं मी तुह्यापेक्षा चांगली काढते.

तुहीच,
निशिगंधा