मार्थाचे हजार चंद्र

१३ सप्टें., शनि.
आईचा व्हिडिओ कॉल. बोलता बोलता मार्थाचा विषय निघाला. "ती तुझी अमेरिकन बॉस ना? आता वय काय गं तिचं?" म्हटलं, रिटायर होऊन वर्षं झाली, ऑक्टोबरात एक्याऐंशी पूर्ण. आई ताडकन, "अगं मग सहस्रचंद्रदर्शन करा की! हजार पौर्णिमा पाहिल्या तिनं. नवरा गेला, मुलगा तिकडे अमेरिकेत. तुम्ही नाही करणार तर कोण?"
आई कधी कधी फारच बरोबर असते. कोजागिरीही ऑक्टोबरातच. ठरलं!
नवरोबांना सांगितलं. अभय म्हणाला, "आधी तिला विचार. स्वतःच्या सेंडऑफला केक कापायच्या आत पळालेली बाई आहे ती."

१४, रवि.
विचारलं. इथेच ऑकलंडला, हेन्डरसनमध्ये, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. ईराला घेऊन गेले. भुरभुर पाऊस, आणि ही जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, घालून लिंबं तोडतेय. सगळं समजावलं : हजार चंद्र, दिवे, ओवाळणं. शांतपणे ऐकलं. मग : "पौर्णिमा होऊन गेल्या हे खरं. पण मी पाहिल्या कुठे?"
झालं! लहानपणी नेब्रास्कात, शेतावर, उजेड असतानाच झोपवायचे. पुढे जन्मभर ऑकलंडचे ढग. शिवाय लोक काही रोज वर बघत नाहीत. चहा होईपर्यंत अंदाज तयार : हजाराच्या निम्म्यालाही पोचत नाही. "न पाहिलेल्या चंद्रांचा सत्कार मी घेणार नाही."
ईरा : "शी हॅज अ पॉइंट, मम्मा."
घरातच फितुरी.

१८, गुरु.
माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात नव्या पोरांना मार्था माहीतच नाही. लंचला बसून सांगितलं. पंचविशीत एका वर्षासाठी म्हणून आली, कुरणांवरच्या खतांच्या चाचण्यांचं गणित, म्हणजे स्टॅटिस्टिक्स, बघायला. राहिलीच. एका खतवाल्या साहेबानं सांगितलं, आमच्या खतानं गवत दुप्पट झालं. मार्था : "कशाच्या तुलनेत?" शेजारची बिनखताची पट्टीही तेवढीच वाढली होती, कारण त्या वर्षी पाऊसच भरपूर. साहेब चिडला, काम हातचं गेलं, पण नाव झालं. मग मेंढ्या, किवीफ्रूट, औषधं... प्रत्येक ठिकाणी तोच एक प्रश्न. नवीन होते तेव्हा वाटायचं बाई खडूस आहे. खडूस आहेच.

मला खरं तर सोहळ्याशी देणंघेणं नाही. तिचे आभार मानायचेत, बस. शिक्षण संपलं, व्हिसा संपत आलेला, कुणी इंटरव्ह्यूलाही बोलवत नव्हतं, तेव्हा हिनं घेतलं मला. पण बोलूच देत नाही. मागे म्हटलं, मार्था, तू नसतीस तर माझं काय झालं असतं! तर म्हणे, "काय माहीत! तुझं दुसरं आयुष्य आहे का शेजारी, तुलनेला? नाही ना? मग श्रेय वाटू नकोस. चहा टाक."
राग येतो. आणि तिच्यावर जीवही आहे, त्याचं काय करायचं...

२५, गुरु.
मार्थाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आत्ता उजवा डोळा, डावा नंतर. अभय घेऊन गेला, घेऊन आला. परत येताना गाडीत त्याच्याकडून विठ्ठलाचा अभंग म्हणून घेतला म्हणे. अ.चा सूर कसाय हे मला माहितेय. तिची भूल उतरली नसावी.

२७, शनि.
पट्टी निघाली. आमच्याकडे जेवायला. दारातच थबकली. "तुमची कपाटं पांढरी आहेत? मी इतकी वर्षं क्रीम समजत होते." मग माझ्याकडे बघून, "आणि तुझे केस पिकले हे मला कुणी सांगितलं नाही!" अ. हसून हसून लोळायचा बाकी.
वरणभात कालवताना एकदम गंभीर. "म्हणजे गेली काही वर्षं मी चंद्र म्हणून जे बघत होते तो नुसता डाग होता. यंत्रच खराब. ती सगळी मापं बाद."
म्हणजे होते ते चंद्रही गेले! कपाळाला हात लावला.

५ ऑक्टो., रवि.
आईला रडगाणं ऐकवलं. आई : "सत्कार म्हणूच नकोस. दूध प्यायला बोलव." बोलावलं. येते म्हणाली. चारोळी, केशर आणलं. मंगळवारी ढग दाखवतायत. हीप्स ऑफ ढग.

७, मंगळ.
आईकडे कोजागिरी कालच झाली, आमची आज, इथे पूर्ण चंद्र आज म्हणून. ईराची शाळा, म्हणून संध्याकाळीच. डेकवर चौघं, ब्लँकेटं, मसाला दूध. वर सगळं गच्च. मार्था मजेत : "बघ, सांगत होते ना, ऑकलंड!"
आणि मग पूर्वेकडे फाटलं. आख्खा, पिवळा, शेजाऱ्यांच्या छपरावर. मार्थानं उजवा डोळा झाकला, उघडला. डावा झाकला. पुन्हा उजवा. लहान मुलीगत चाललं होतं.
"जुन्या डोळ्यानं बटरचा डाग," म्हणाली, "आणि नव्यानं... अरे, यावर खड्डे आहेत!"
काय सुचलं कोण जाणे. मी उठून तिच्या समोर उभी राहिले. "नवा डोळा झाक. कशी दिसते मी?"
"धूसर."
"ही मी, तू नसतीस तर. आता उघड."
उघडला. बराच वेळ बघत राहिली. "सॅम्पल फक्त एकाचं आहे," म्हणाली. मग पर्समध्ये शोधाशोध, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली म्हणे. थेंब उजव्या डोळ्याचे होते. पुसत दोन्ही होती.
अ.नं गुपचूप निरांजन आणलं. मी ओवाळलं. नको म्हणाली नाही.
"मग, सहस्रचंद्रदर्शन झालं का?" अ.नं विचारलं.
"छे! आज कुठे पहिला झाला." पेला पुढे केला, दूध हवं होतं. "पुढची पौर्णिमा कधी?"
ईरा लगेच फोनवर बघायला लागली. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा न विचारलेली बाई ही. मला इतका आनंद झाला की दूध तिच्या पेल्याऐवजी ब्लँकेटवर ओतलं.