चौथ्या कडव्यापाशी अडलेलं नेट

चिरंजीव भाचेबुवांस,

मामाचे मनापासून आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (खुर्चीत बसून पगार मिळवणाऱ्याला आधी कंबरच विचारावी.) सूनबाईंचा खोकला थांबला असेल. इकडे मी बरा, तुझी मामी माझ्याहून बरी, आणि तू दिलेला जुना कॉम्प्युटर आम्हा दोघांहून बरा आहे. अडचण एवढीच, की नेटचा डबा बैठकीच्या खोलीत आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत, माझ्या कवितांच्या वह्यांशेजारी.

आजवर मध्ये पंधरा पावलांची वायर होती. मागच्या महिन्यात मामी धुण्याची बादली घेऊन येताना त्या वायरीत अडखळली. मामी वाचली, बादली वाचली, वायर मात्र त्याच दुपारी गुंडाळली गेली. "या घरात एक तर ही वायर राहील, नाहीतर मी," असं तिनं जाहीर केलं. (उत्तराला मी जरा वेळ लावला, त्याचा राग अजून आहे.) पण नेट तर हवंच. आमच्या सातवीच्या वर्गातले उरलेले पाच जण रविवारी सकाळी दहाला पडद्यावर भेटतो. आमचा तेव्हाचा वर्गाचा मॉनिटर हल्ली अंथरुणातूनच हजेरी घेतो. त्याची फर्माईश होती, की शाळेतली ती दीपगृहाची कविता, पाचही कडवी, एकदा माझ्या तोंडून ऐकायची आहे. आवाज खोल गेलाय त्याचा. अशा माणसाला थांबवून ठेवता येत नाही.

म्हणून दुकान गाठलं. बिनतारी नेट पकडणाऱ्या अडॅप्टरच्या इतक्या जाती असतात, हे मला ठाऊक नव्हतं. दुकानदारानं डॉक्टरसारखं विचारलं, मध्ये भिंती किती? म्हटलं, दोन, आणि मामीचं लोखंडी कपाट. कपाट हलवता येईल का? म्हटलं, भिंती हलवा, ते सोपं पडेल. मग माझी गरज नीट कळावी म्हणून मी त्याला दीपगृहाचं पहिलं कडवंच म्हणून दाखवलं. (कोसभर उजेड जातो, तोही वायरीशिवाय.) मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. त्यानं घाईघाईनं नखाएवढा एक अडॅप्टर हातावर ठेवला. "आजोबा, मागे खोचा आणि विसरून जा." खोचला, विसरलो.

रविवारी तीन कडवी झोकात झाली. चौथ्याला मी पडद्यावर थिजलो; तोंड उघडं, हात वर. "याचं नेट गेलं," सगळे हळहळले. एकटा मॉनिटर म्हणाला, "शाळेतही हा इथंच अडायचा."

सोमवारी पुन्हा दुकान. त्यानं लावून पाहिलं आणि म्हणाला, यात काही दोष नाही. म्हटलं, दोष चौथ्या कडव्याला येतो. त्यावर त्यानं हुज्जत न घालता सगळ्यात दणकट अडॅप्टर काढला. दोन उभ्या दांड्या, आणि हातभर लांब दोरी; म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्र्यामागे न दडता तो टेबलावर ऐटीत बसतो. आता नेट पाण्यासारखं येतं. "जन्मात एक वस्तू तरी धड निवडलीत," असं म्हणत मामी त्या दांड्या रोज पुसते, आणि संध्याकाळी इथंच खुर्ची ओढून बसते. अडॅप्टरचा हिरवा दिवा लुकलुकतो, आणि जिथं बसून दीपगृहाची कविता घोकली, ती सातवीतली खिडकीजवळची जागा मला आठवते. सुख म्हणतात ते हेच असावं.

सवडीनं चक्कर टाक. नेट भरपूर आहे.

तुझा,
मामा

ता.क. तू हुशार आहेस. नेट गेलेलं असताना मॉनिटरचं बोलणं मला कसं ऐकू आलं, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. नेट नव्हतं गेलं. कडवं गेलं होतं. सगळे नेटला दोष देऊ लागले, तेव्हा मी तसाच हात वर करून बसून राहिलो. (फार दुखतो तो हात.)

दुसरा ता.क. माझी घोकंपट्टी भिंतीआडून ऐकून तुझ्या आईला ती कविता तोंडपाठ झाली होती. चौथं कडवं तिच्याकडून उतरवून घे आणि शनिवारच्या आत पाठव. कुणाला हवंय ते सांगू नकोस. (तिला कळेलच.) मॉनिटर रविवारची वाट पाहतोय, आणि आता नेट अडत नाही, हीच पंचाईत आहे.