रोज सकाळी दोन मोजपात्रे

१२ एप्रिल

प्रिय माळीणबाई,

पाकिटावर तुझे संपूर्ण नाव लिहिले आहे : आधी तुझे, मग माझे, मग आडनाव. त्याखाली पत्ता लिहिता आला नाही. आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, हेही ठरेना. म्हणून ती जागा कोरी सोडली आहे.

तुला जाऊन अकरा आठवडे झाले. मागच्या अंगणातील अठरा कुंड्यांपैकी सहा गेल्या. पुदिना काळा पडला, शेवंतीची खोडे बुडाशी मऊ झाली. तुझ्या सूचनेत मी तसूभरही बदल केलेला नाही. रुग्णालयात तू सांगितले होतेस, की सकाळी सर्वांना तांब्याभर आणि लिंबाला दोन तांबे पाणी घालावे. तांब्याचे माप निश्चित नसल्याने मी निवृत्तीच्या दिवशी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने भेट दिलेले अर्ध्या लिटरचे मोजपात्र वापरतो. बरोबर सात वाजता. वहीत नोंद ठेवतो. तू हसली असतीस, हे जाणून आहे.

एक वार्ता चांगली आहे. ज्या लिंबाला कधी फळ धरणार नाही असे मी सात वर्षे म्हणत आलो, त्याला फुले आली आहेत. पाने मात्र पिवळी पडत आहेत.

तुझाच,
मोजपात्र


२५ एप्रिल

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘ठीक आहे’च्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. मावशी म्हणत होती, तुमचा शर्ट गळ्याशी सैल झालाय आणि विचारलं तर तुम्ही दोष धोब्याला देता. इथली खिडकीची खोली रिकामी आहे. टेबलही लावून ठेवलंय. तुमचे जावई म्हणतात, बाबांना नुसतं या म्हणू नकोस. तारीख दे, वेळ दे, मग ते हलतील.

आईची झाडं सोडून येता येत नाही, असं तुम्ही म्हणता. पण बाबा, झाडंच तुम्हाला सोडून चाललीयत. रागावू नका. एकट्या घरात तुम्ही काय खाता, कुणाशी बोलता, याच विचारात माझा दिवस जातो.

माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू द्या.

तुमची,
चिमणी


२ मे

चि. चिमणीस अ. उ. आ.

तुझे पत्र पोहोचले. रागावलो नाही. शर्टाबाबत तुझ्या मावशीचे निरीक्षण बरोबर आहे.

पुढील वर्षी घर ठेवायचे की सोडायचे, हे घरमालकांना मेअखेर कळवायचे आहे. म्हणून मी एक अट घालून घेतो. एकतीस मेपर्यंत लिंबू जगले, तर मी येथेच राहीन आणि तू पुन्हा विषय काढायचा नाही. न जगल्यास किल्ल्या परत करून तुझ्याकडे येईन. ज्याला एक झाड सांभाळता येत नाही, त्याने घर सांभाळण्याच्या गोष्टी करू नयेत.

झाडाला वाटाण्याएवढी तीन फळे धरली आहेत. माती सायंकाळीही ओली असते, तरी पाने मान टाकतात. मुळांची तहान भागत नसावी, असा निष्कर्ष काढून मी कालपासून तिसरे मोजपात्र सुरू केले आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांनी मला अचूक ओळखले आहे.

तुझे,
बाबा


९ मे

भावोजींना स. न. वि. वि.

दोन गल्ल्यांवर राहून पत्र लिहितेय, म्हणजे काहीतरी गुन्हा केलाय हे तुम्ही ओळखलंच असेल.

मागच्या फाटकाची एक किल्ली माझ्याकडे आहे. धाकटीनं दवाखान्यात माझ्या हातात दिली. म्हणाली, अक्का, हे विसरतील. पण कुणी मदत केलेली त्यांना खपायची नाही, तू गुपचूप पाणी घालत जा. तुम्ही चारला वाचनालयात जाता आणि सहाला परतता. तुमच्यावर घड्याळ लावावं. त्या वेळात मी रोज येत होते. सगळ्या कुंड्यांना झारीनं भरपूर पाणी घालत होते.

माती ओली दिसायची. मला वाटायचं, माझं कालचंच पाणी आहे. तुम्ही कधी हातात पाण्याचं भांडं धराल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. काल पोरीनं फोनवर सांगितलं, बाबा एक दिवस चुकले नाहीत, उलट पाणी वाढवलंय. भावोजी, पानं पिवळी दिसली तेव्हा मीही वाढवलं होतं.

आम्ही दोघी बहिणींनी मिळून तुम्हाला विसरभोळे ठरवलं. काय बोलायचं ते तोंडावर बोला, पण बोलणं टाकू नका.

तुमची,
अक्का


३१ मे

प्रिय माळीणबाई,

अक्का दहा तारखेला प्रथमच पुढच्या दाराने आल्या. आम्ही दोघांनी लिंबू कुंडीतून काढले. मुळे काळी पडली होती. हात लावताच सुटून आली. उरली तेवढी कोरड्या मातीत लावली आणि वाट पाहिली. अक्का रोज येऊन बसत. बोलणे टाकले नाही. आज खोड नखाने खरवडले. आत हिरवे काही नव्हते.

माझ्या वहीतील एकही आकडा खोटा नाही. परंतु प्रयोगाच्या मांडणीला दुसऱ्या कोणाचा हात लागतो काय, हे आधी पाहावे, असे मी एकतीस वर्षे मुलांना बजावत आलो आणि स्वतः पाहिले नाही. तूही आम्हा दोघांना वेगवेगळे सांगितलेस. एकावर तरी भरवसा ठेवायचा होतास. याचा एक दिवस राग धरला. दुसऱ्या दिवशी धरवला नाही.

चिमणी म्हणते, दोष माझा नाही, म्हणून अट रद्द. ते खरे आहे. तरीही जात आहे. उरलेल्या कुंड्या अक्कांनी आपल्याकडे नेल्या. सकाळी सात वाजता या घरात मला आता काम उरलेले नाही. आज पाणी घातले नाही. वहीत तशी नोंद केली आहे.

गळलेल्या फळांपैकी एक या पाकिटात ठेवतो. फळ धरले होते. मी चुकलो होतो.

लोभ होता तेवढाच असावा.

तुझाच,
मोजपात्र

ता. क. साडेदहा वाजता दाराला कुलूप लावले. माझी, अक्कांची आणि तुझी, अशा तीन किल्ल्या घरमालकांना मोजून परत केल्या.