तू बंद केलेले थेंब

चि. धाकट्यास,

काल, मंगळवार ४ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू फोनवर म्हणालास, "ताई, डोळा एकदम छान. थेंब बंद केले, आता प्रतिकारशक्ती वाढवायच्या गोळ्या घेतोय." मी बोलायला लागले तर फोन ठेवलास. तेव्हापासून उचलत नाहीस, म्हणून या पत्राचा फोटो पाठवते आहे.

ऑपरेशन करून तुझ्या बुबुळावर बसवलेलं पटल, कॉर्निया, परक्या माणसाचं आहे. परकं दिसलं की शरीर त्याच्यावर तुटून पडतं. डोळ्याच्या बाबतीत ते एरवी सबुरीने घेतं आणि ती सबुरी टिकावी म्हणूनच थेंब होते. तू ते थांबवलेस आणि वर गोळ्या घेऊन शरीराच्या पहारेकऱ्यांना खुराक सुरू केलास! कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या शाळेत शिकले, म्हणून पुढचं विशेषण गिळते.

मी मजेत आहे. नातीला दात येताहेत. शेजारचं बांधकाम थांबल्यामुळे झोप छान लागते, कालची रात्र सोडून.

डोळा लाल आहे का? उजेड खुपतो का? बायकोला बघायला सांग. काही नसलं तरी आजच डॉक्टर गाठ.

ते काय म्हणाले, हे उद्या संध्याकाळी सहाच्या आत मला लेखी हवं. चांगला डोळा झाकून, ऑपरेशनच्या डोळ्याने बघून, स्वतःच्या हाताने लिही.

तुझी,
ताई