स्टेरिंगचा खेळ आणि पंचफुलाचा हात

मृत्युपत्र लिहून ठेवणार : सिताराम लक्ष्मण वाव्हळे, वय ६९, धंदा ट्रॅक्टर मिस्त्री, राहणार पालम, जिल्हा परभणी.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांनी काय सांगायचे ते सांगितले. डोके मात्र जागेवर आहे, तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायला बसलो होतो, पण खरे लिहायची हिंमत झाली नाही म्हणून उठलो.

१. गंगाखेड रस्त्यालगतची माझ्या नावची जागा, तीवरील पत्र्याचे गॅरेज, मागच्या दोन खोल्या व बँकेतील शिल्लक माझ्या पश्चात माझी पत्नी पंचफुला हिची एकटीची होईल. ठेवावी, चालवावी की विकावी, हे तीच ठरवील. दुसऱ्या कोणी त्यात नाक खुपसू नये.

२. मुलगा सिद्धोधन पुण्यात नोकरीला आहे. लेकरू गुणी आहे. त्याचे म्हणणे, गॅरेज विकू, आईला फ्लॅटवर नेऊ. तिला दिसत नाही, ती गॅरेजचे काय करणार? यात त्याचा दोष नाही, माझा आहे, कारण मी त्यालाही खरे सांगितले नाही. त्याने पुढचे कलम नीट वाचावे आणि मगच आईला काय ते विचारावे.

३. २००५ साली काचबिंदूने पंचफुलाची नजर गेली. घरात एकटी नको म्हणून मी तिला गॅरेजमध्ये बाजेवर बसवू लागलो. २००७ च्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचे दिनकरराव दुधाटे यांनी बाजारातून जुना ट्रॅक्टर आणला. विकणाऱ्याने त्याला लाल रंग फासून नवरदेव केले होते. पण स्टेरिंग असे ढिले, की पाव चक्कर फिरवावे तेव्हा कुठे पुढची चाके हलायची. आम्ही मिस्त्री लोक याला स्टेरिंगचा खेळ म्हणतो. नाव खेळ आहे, पण त्यात माणसे मरतात. आणि दिनकरराव त्याच्यावर अख्खे घर बसवून शेतात जाणार होते.

तीन दिवस मी त्या ट्रॅक्टरखाली होतो. पुढच्या चाकांना जोडणाऱ्या टायरॉडचे दोन्ही बॉल जॉइंट नवे टाकले, स्टेरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला. खेळ थोडा कमी झाला, गेला नाही. वर स्टेरिंग जड झाले ते वेगळेच. चौथ्या दिवशी मी पाना फेकला आणि त्या ट्रॅक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दिनकरराव चहाला गेले होते. पंचफुला चाचपडत आली आणि म्हणाली, “तुमी वर बसा. स्टेरिंग हळूहळू हलवा, अन् तोंड बंद ठेवा.”

इंजिन बंद होते. मी स्टेरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे करत राहिलो. तिने चाकापासून सुरुवात केली. एकेका सांध्यावर तळहात ठेवी, थांबे, पुढे सरके. शेवटी एक बोट स्टेरिंग बॉक्सवर आणि दुसरे त्याच्यामागच्या बॉडीवर टेकवून ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “बॉक्स चांगला हाय. पर बसलाय तिथून अख्खाच हलायलाय.”

त्या बॉक्सचे चार बोल्ट मी तीन दिवस बघत होतो. रंगात गच्च बसलेले दिसायचे, म्हणून पाना लावायची गरजच वाटली नव्हती. आता लावला, तर दोन बोल्टांची डोकी हातात आली. आतून कधीचे तुटलेले, नुसत्या रंगाने धरून ठेवलेले. उरलेले दोन ढिले. डोळे असून मी रंगाला फसलो होतो, आणि तिला दोन बोटांत कळले. तुटके तुकडे काढून आटे पाडले, नवे बोल्ट स्प्रिंग वॉशर घालून आवळले. मग स्टेरिंगला हात लावला की चाक वळू लागले.

दिनकरराव परतले, चक्कर मारून आले आणि म्हणाले, मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही. मी नुसता हसलो. पंचफुला तिथेच चिंधीला हात पुसत होती.

तेव्हापासून अठरा वर्षे पूर्णा, परभणीपर्यंतचे ट्रॅक्टर ढिल्या स्टेरिंगसाठी ‘सिताराम मिस्त्रीच्या हाता’कडे आले. दरवेळी गिऱ्हाइकाला चहाला धाडून मी स्टेरिंग हलवले आणि हात तिने लावला. केसभर खेळ असला तरी तिला कळतो. मी रोज बघतो आणि रोज थक्क होतो. गिऱ्हाइकाने विचारलेच तर मी सांगायचो, बाईला घरात करमत नाही म्हणून येऊन बसते. एवढा मोठा हात आणि एवढा कोता नवरा.

४. माझे पाने, जॅक व वेल्डिंगचे सामान गॅरेजमध्येच राहील. वीस वर्षे सोबत असलेला आणि हे सारे पोटात ठेवलेला कारागीर बजरंग याने पंचफुलाच्या सांगण्याप्रमाणे काम करावे. पाटीवरचे माझे नाव काढून तिचे घालावे. एक जॅक मेहुणे धम्मानंद यांनी दोन दिवसांसाठी नेला, त्याला नऊ वर्षे झाली. तो आता त्यांनाच दिला; माझ्यामागे तरी त्यांनी घरी यावे.

५. दिनकररावांना साक्षीदार मुद्दाम घेतले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण मी त्यांना आधी वाचायला लावला. वाचून झाल्यावर ते उठून पंचफुलाच्या पाया पडायला वाकले. तिने त्यांना अर्ध्यात धरले आणि विचारले, स्टेरिंगला ग्रीस वेळेवर भरता का? त्यांनी खरे काय ते सांगितले, आणि बोलणी खाल्ली.

६. या कागदात एके ठिकाणी खाडाखोड आहे, ती माझीच. सही करण्यापूर्वी सर्व मजकूर मी पंचफुलाला वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाच्या शेवटी मी ‘तिच्या हातात दैवी देणगी आहे’ असे लिहिले होते. तिथे तिने मला थांबवले.

“दैवी कोन म्हनलं? शिकले मी ते. तुमी जेवून झोपले की मी एकेका ट्रॅक्टरखाली हात घालून बसायचे. दोन वर्षं. लय बोटं कापली, भाजली. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.”

मी तिचा हात उजेडात धरला. बोटांवर जुने वण आहेत. अठरा वर्षे तो हात बघून थक्क होणाऱ्या मला ते एकदाही दिसले नव्हते.

सबब ते वाक्य खोडले आहे. सदर विद्या ही पंचफुला सिताराम वाव्हळे हिची स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझा तिच्यावर कसलाही हक्क नव्हता व नाही, म्हणून ती या मृत्युपत्राने कोणाला देण्याचा अधिकार मला नाही.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, तिने ऐकून बरोबर म्हटले, आणि सही केली.

ठिकाण : पालम
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

(सही) सिताराम लक्ष्मण वाव्हळे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली :
१. (सही) दिनकरराव बळवंतराव दुधाटे, शेती
२. (सही) धम्मशीला उत्तम खिल्लारे, शिक्षिका, शेजारी