सव्वा महिन्याच्या आत

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा धाकटी चौथीत होती. तुमच्या डोळ्यांपुढे ती अजून फ्रॉकातच असेल. ती आई झाली त्या उन्हाळ्यात आपण तिला गमावता गमावता राहिलो, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. गमावली मात्र नाही. ताठ मानेनं लिहिते आहे मी हे.

तुम्ही असताना आपल्या दारात देवऋषी उभा राहत नसे. आपल्या हट्टा गावात कुणाला ताप चढला की लोक अंगारा शोधायचे आणि तुम्ही सायकल काढून डॉक्टर शोधायचात. तो हट्ट मी तुमच्याकडूनच घेतला, आणि बोलणंही. हिंगोलीला वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले तो दिवस आठवतो? मी चुलीपाशी उभी राहून अख्खं भाषण पुन्हा म्हणून दाखवते आहे, माय भाकरी थापते आहे, तुम्ही मान खाली घालून जेवता आहात. शाबासकी मिळणार म्हणून मी थांबले, तर तुम्ही म्हणालात, "तुझी माय मधीच दोनदा उठून गेली. दिसलं का तुला? बोलताना समोरच्याचे डोळे बघत जा. ते तिथं नसतील तर तू भिंतीशी बोलून राहिलीस." मला इतका राग आला की मी जेवलेच नाही. पुढे शेकडो सभा केल्या, टाळ्या घेतल्या, पण त्या एका वाक्याचा राग काही गेला नाही. तो गेला धाकटीच्या बाळंतपणात.

आपला हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी हिंगोलीच्या शाळेत नोकरीला होते. धाकटी पहिलटकरीण म्हणून माहेरी हट्ट्याला आलेली. मुलगी झाली तेव्हा मी दवाखान्यातच होते; सगळं सुरळीत झालं म्हणून हिंगोलीला परतले. आठवडाभरानं मी एसटीनं पुन्हा पोचले, तर माय ओसरीतच मला बाजूला घेऊन सांगते, "झोपतच न्हाई गं ती. रातभर घर झाडून राहिली. पण आमी काय देवऋषी आणला न्हाई बरं." हे तिनं असं सांगितलं की जणू तेवढ्यानं काम झालं. दादा तर त्याच्याही पुढे. त्याने धाकटीच्या उशाशी पुस्तकं आणून ठेवली होती आणि सकाळ-संध्याकाळ तिला समजावत होता, "तू शिकलेली हायस. मन खंबीर कर." आप्पा, आपल्यासारख्या घरातच अशी चूक होऊ शकते. भूत आपण कधीच हाकललं, पण त्या जागी उपदेश बसवला.

मी आत गेले. बाजेवर धाकटी ताठ बसलेली, डोळे लख्ख, केस विंचरलेले. एवढी जागलेली बाई थकलेली दिसायला हवी होती. ही दिसत नव्हती. पोरगी तिच्यापासून हातभर लांब.

"आक्का, बरं झालं आलीस," ती हळू आवाजात म्हणाली. "हे लेकरू माझं न्हाई. बदललंय."

"कुणी बदललं?"

"माझं हौदात हाय. आवाज देऊन राहिलं मला. ह्याला तिथं ठेवलं की माझं वर येईल." आणि ती हसली. शेजारणीची गंमत सांगावी तसं.

मीही तुमचीच लेक. लगेच सुरू झाले. हे कसं शक्य आहे, तूच विचार कर, दवाखान्यात मी स्वतः होते, जन्मल्यावर पहिल्यांदा मीच हिला हातात घेतलं. मुद्दे बिनतोड होते. आणि मग मला तिचे डोळे दिसले. ते माझ्या खांद्यावरून कुठंतरी पाहत होते, आणि तिचे ओठ दुसऱ्याच कुणाला उत्तर देत होते. मी वाक्य अर्ध्यात सोडलं. पोरगी उचलली, बाहेर येऊन मायच्या हातात दिली आणि दादाला सांगितलं, हौदाला झाकण घाल, तिच्याजवळ जाऊन बस, उठू नकोस आणि समजावूही नकोस. मी गाडी बघते.

माय दारात आडवी. "सव्वा महिना झाला न्हाई. बाळंतीण उंबऱ्याबाहेर कशी न्यायची?"

"माय, हिला रक्त जाऊन राहिलं असतं, तर सव्वा महिना थांबली असतीस?"

"ते येगळं. लोक म्हनतील पोरगी येडी झाली. सासरचे नांदवतील का मंग?"

"जिवंत राहिली तर नांदल ना. ती दोघींचा जीव घेईल, माय. कळून न्हाई, आजारानं. कधी, ते तिला ठाव न्हाई अन् आपल्यालाबी न्हाई. उद्यावर न्हाई टाकता येत हे."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण ते. मायनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. मग आत जाऊन दुपटी गोळा करू लागली.

फाट्यावर काळीपिवळी जीप माणसांनी भरून उभी होती. ड्रायव्हर जवळच्या तांड्यावरचा, मला सभांमधून ओळखणारा. बाळंतीण आहे, नांदेडला मोठ्या दवाखान्यात न्यायची आहे, एवढंच मी सांगितलं. त्यानं लगेच लोकांना खाली उतरायला सांगितलं. एक जण पिशवी छातीशी धरून बसूनच होता. म्हणाला, "काहून बाई, आज भाषण न्हाई का?"

"आज न्हाई काका. आज उतरा."

तो उतरला. वर जीपमागून आमच्या दारापर्यंत आला आणि दुपट्यांचं बोचकंही त्यानंच गाडीत टाकलं. पुढे माय आणि पोरगी, मागे दारापासून लांब, मी आणि दादा यांच्यामध्ये धाकटी. वसमतपर्यंत ती पुटपुटत होती. पुढे तिनं माझी बोटं धरली आणि सोडली नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी तिला किती झोप लागते, काय ऐकू येतं, लेकराबद्दल मनात काय येतं, हे सरळ विचारलं, आणि धाकटीनं सरळ सांगितलं. आप्पा, इतके दिवस तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर क्वचित होतो हा आजार. बरा होतो. पण यात वाट बघायची नसते. आज आणलंत, चांगलं केलंत." दादानं विचारलं, मन खंबीर केलं तर? बाई म्हणाल्या, "तुमचा पाय मोडला तर मन खंबीर करून चालाल का?" दादानं औषधांच्या वेळा विचारून घेतल्या. आपल्या घरातला माणूस वादात हार मानलेला मी तेव्हा प्रथम पाहिला.

आधी तिची झोप परत आली. आवाज हळूहळू लांब गेले. आणि एका सकाळी मी चहा घेऊन वॉर्डात आले, तर ती मायवर चिडलेली. "लेकराला असं धरतेत व्हय? आन इकडं, माझी पोरगी हाय ती." माय रडत होती आणि शिव्या खात होती. जिंकलेल्या निवडणुकीची मिरवणूक मी पाहिली आहे, आप्पा. त्या शिव्यांपुढे ती काहीच नव्हती.

ती नांदली. दुसऱ्या खेपेला तिनं नवऱ्याला आणि डॉक्टरांना आधीच सगळं सांगून ठेवलं, आणि त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. तेव्हा काही झालं नाही. आणि यंदा हट्ट्यात जयंतीच्या सभेत मंचावर माझ्या आधी तिचं नाव पुकारलं. हातात कागद नाही, कडेवर धाकटं पोर. म्हणाली, "मी येडी झाले न्हवते. आजारी झाले होते. तुमच्या घरात बाळंतीण झोपत नसेल, भलतंच बोलत असेल, तर तिला एकटी सोडू नका, अन् सव्वा महिना मोजत बसू नका. त्याच दिवशी गाडी बघा." मागच्या बाया उठून पुढे येऊन बसल्या. एक बाई बाजूला येऊन तिला काहीतरी कानात विचारून गेली, डोळे पुसत.

त्यानंतर मी बोलले. हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, तिला तर वाचूनही दाखवणार नाही. कारण त्यात हे लिहावं लागतं की त्या दिवशी ती माझ्यापेक्षा चांगली बोलली, आणि मला थोडा हेवा वाटला.